डुप्लेक्सर ट्यून करायचा कशावर? नॅनोव्हीएनए, ट्रॅकिंग जनरेटर की नुसता रेडिओ

फोंड्याच्या एखाद्या डोंगरावर हॅम रेडिओच्या दोन मीटर पट्ट्याचा रिपीटर (आलेला सिग्नल ऐकून त्याच वेळी पुन्हा जोरात पाठवणारं केंद्र) बसवायचा म्हटलं की अँटेना, केबल, बॅटरीचं जमून जातं. घोडं अडतं ते डुप्लेक्सरपाशी, म्हणजे एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणाऱ्या चाळणीपाशी. आपल्याला, म्हणजे भारतातल्या हॅमना, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी मिळालेली, आणि बोलणं-ऐकणं यांत अंतर ६०० किलोहर्ट्झचं. म्हणजे १४५.७०० वर २५ वॉट ओरडत असताना त्याच अँटेनावरून १४५.१०० वरची कुजबुज ऐकायची. त्यासाठी दोन्ही बाजूंना साधारण ८० ते ८५ डेसिबलची भिंत लागते.

आधी एक गोष्ट मिटवून टाकतो. विटेएवढा चपटा, स्वस्तातला नॉच (ठरावीक फ्रिक्वेन्सी अडवणारा खड्डा) प्रकारचा डुप्लेक्सर घेऊ नका. तो साधारण ५ मेगाहर्ट्झ अंतरासाठी बनवलेला असतो. ६०० किलोहर्ट्झवर कुणीही, कशावरही ट्यून केला तरी तो दाद देत नाही. अर्ध्या मीटरहून उंच, चार किंवा सहा डब्यांचा (प्रत्येक धातूचा डबा म्हणजे एक चाळणी) संच हवा.

आता ट्यूनिंग. नॅनोव्हीएनए, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल पार होतो ते दाखवणारं छोटं यंत्र, काही हजारांत मिळतो, खिशात मावतो. एकेक डबा सुटा करून त्यावर लावा: मधल्या सळीने पास (जाऊ द्यायची फ्रिक्वेन्सी), बाजूच्या ट्रिमरने नॉच. एक हलवलं की दुसरं थोडं सरकतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. साध्या मॉडेलवर फक्त १०१ बिंदू मोजले जातात, त्यामुळे मोजण्याचा पट्टा एक-दोन मेगाहर्ट्झइतकाच ठेवा. रुंद ठेवलात तर बारीक नॉच दोन बिंदूंच्या फटीत हरवतो. लॉकनट आवळताना नॉच सरकतो, तेव्हा आवळत आवळतच बघायचं. एका डब्याचा ३० डेसिबलचा खड्डा स्वच्छ दिसतो. खरी अडचण पूर्ण साखळी जोडल्यावर येते. या यंत्राचा तळ साधारण ७० डेसिबलवर. त्याखाली सगळा गोंगाट. भिंत ८५ ची आहे की ७२ ची, ते कळतच नाही.

ट्रॅकिंग जनरेटरवाला (मोजण्यासाठी सरकता सिग्नल स्वतःच पुरवणारा) स्पेक्ट्रम अॅनलायझर चांगला असेल तर ८५ डेसिबलची भिंतही दाखवतो. पण किंमत लाखाच्या घरात. एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ओळख असेल तर एक दुपार मागून घ्या. एका रिपीटरसाठी विकत घेणं मला तरी पटत नाही.

तिसरी रीत जुन्या मंडळींची, आणि तिला उगाच कमी लेखलं जातं. जी फ्रिक्वेन्सी अडवायची तिच्यावर सिग्नल जनरेटर लावायचा, मधे डुप्लेक्सर, पलीकडे रेडिओ. सिग्नल नाहीसा होईपर्यंत ट्रिमर फिरवायचा, मग जनरेटर वाढवायचा, पुन्हा फिरवायचा. दोन्ही टोकांना १० डेसिबलचे अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक कमी करणारे तुकडे) आणि रिकाम्या पोर्टवर ५० ओहमचा लोड (सिग्नल शोषणारा रोध), हे विसरायचं नाही. साधा एफएम रेडिओ उणे ११५ डीबीएमच्या (एक मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेल्या ताकदीच्या) आसपास ऐकतो. म्हणजे जनरेटर शून्य डीबीएम देत असेल तर अॅटेन्युएटरचे २० डेसिबल वजा जाताही साधारण ९५ डेसिबलपर्यंतचं पकडता येतं. स्वस्त रीत नॅनोव्हीएनएपेक्षा खोल बघते! मात्र केबल गळकी असेल तर सिग्नल डबे चुकवून बाहेरूनच रेडिओत शिरतो आणि तुम्ही तासभर भलत्याच गोष्टीशी झुंजत बसता. म्हणून दुहेरी जाळीची आरजी-२१४ किंवा आरजी-४००च. एकेरी जाळीची आरजी-५८ नको. शिवाय या रीतीने पास बाजूची जुळणी कळत नाही.

म्हणून माझं मत: नॅनोव्हीएनए घ्या, डबे आणि पास त्याच्यावर लावा, शेवटचा नॉच रेडिओवर पक्का करा. मग इन्सर्शन लॉस, म्हणजे जाऊ द्यायच्या सिग्नलमधून डबे खातात ती ताकद, बघा. दीड डेसिबल असेल तर २५ वॉटांतले साधारण १८ वॉट अँटेनाकडे जातात, तेवढं सोसायचं. लॉस त्याहून बराच जास्त निघाला तर जोडकेबलींची लांबी तपासा.

टेबलावरचं ट्यूनिंग डोंगरावर तसंच राहतं असं मानू नका. आमच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी एकदा माझ्या एका डब्याचा नट सैल केला होता आणि मी दोष प्रीॲम्पला (रिसिव्हरआधीच्या वर्धकाला) देत बसलो. वर गेल्यावर कपलरमधून (केबलमध्ये थोडाच सिग्नल सोडणाऱ्या जोडातून) रिसिव्हरला क्षीण सिग्नल द्या आणि ट्रान्समीटर चालू-बंद करा. चालू केल्यावर खरखर वाढली तर डिसेन्स आहे, म्हणजे आपलाच ट्रान्समीटर रिसिव्हरला बहिरा करतोय. आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या लोडवर), मग अँटेनावर करा. फक्त अँटेनावरच वाढली तर डबे निर्दोष, गंजलेला सांधा शोधा. आपल्या खाऱ्या दमट हवेत तो बहुधा सापडतोच, म्हणून ही चाचणी चवथ उरकून पाऊस ओसरला की दरवर्षी करायची.