सपाट पंख की वर उचललेले? कोकण किनाऱ्यावर मॉडेल विमान उडवणाऱ्यांसाठी

पहिलं रेडिओ कंट्रोल विमान बांधायला घेतलं की सगळी चर्चा मोटर, बॅटरी आणि रेडिओची होते. पंखांचा कोन प्लॅनवर छापलेला असेल तसा चिकटवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. मोकळ्या मैदानावर ते चालून जातं. कोकणात मी उलटा क्रम सुचवेन. कुठे आणि कोणत्या वेळी उडवणार ते आधी पाहा, त्यावरून कोन ठरवा, बाकीची खरेदी मग. कललेलं विमान आपोआप सरळ होणार की प्रत्येक झुळकीला डुलणार, हे त्या दोन-चार अंशांवर ठरतं.

समोरून पाहिल्यावर पंख मुळापासून टोकाकडे वर चढत गेले असतील तर तो डायहेड्रल, खाली उतरत गेले असतील तर अॅनहेड्रल. निवड मुख्यतः तीन प्रकारांत करायची असते: थोडा डायहेड्रल आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती फळी), भरपूर डायहेड्रल आणि फक्त रडर (उभ्या शेपटीची, नाक वळवणारी हलती फळी), किंवा सपाट पंख आणि एलेरॉन.

कोनामुळे विमान सरळ कसं होतं

यावर एक चुकीचं स्पष्टीकरण फार फिरतं. विमान कललं की खालचा पंख जमिनीला समांतर होतो, म्हणून त्याला जास्त उचल मिळते आणि तो वर येतो, असं सांगतात. तसं होत नाही. उचल पंखाला काटकोनात असते, आणि नुसतं कलल्याने दोन्ही पंखांची उचल आणि विमानाच्या मधल्या रेषेपासूनचं अंतर यांत काहीच फरक पडत नाही. खाडीतली होडी कलली तर पाण्याची सपाटी तिला परत उभी करते. हवेत अशी सपाटी नाही. खाली कुठे आहे हे पंखाला कळण्याचा मार्गच नाही.

पंखाला कळतं ते एवढंच, की हवा कोणत्या बाजूने येते आहे. विमान डावीकडे कललं की त्याची उचलही डावीकडे झुकते आणि ते डावीकडे घसरू लागतं. याला साइडस्लिप म्हणतात. आता हवा समोरून थोडी डाव्या बाजूने येते. डावा पंख वर उचललेला असल्यामुळे ही हवा त्याला किंचित खालून भिडते, त्याचा अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, वाढतो. उजव्या पंखाचा तेवढाच कमी होतो. डावीकडची उचल वाढते आणि विमान सरळ व्हायला लागतं. 5 अंश डायहेड्रल आणि 10 अंश साइडस्लिप असेल तर हा फरक 10 गुणिले 5 भागिले 57.3, म्हणजे एका पंखावर सुमारे 0.9 अंशाने जास्त आणि दुसऱ्यावर तेवढाच कमी. आकडा लहान दिसतो, पण तो अख्ख्या पंखावर लागू होतो आणि टोकाकडच्या भागाला लांब हात मिळतो.

म्हणजे डायहेड्रल उत्तर देतो साइडस्लिपला. विमान कलून घसरलं म्हणून साइडस्लिप झाली, की बाजूने झोत आला म्हणून, हा भेद त्याला करता येत नाही. बाजूने झोत आला तर तो त्या बाजूचा पंख उचलतो आणि सरळ चाललेलं विमान कलवून टाकतो.

यात लहान विमानाचं नुकसान जास्त. सेकंदाला 10 मीटर वेगाने चाललेल्या फोमच्या विमानाला बाजूने 3 मीटर प्रति सेकंदाचा झोत लागला तर क्षणभर सुमारे 17 अंशांची साइडस्लिप होते. तोच झोत सेकंदाला 55 मीटरने जाणाऱ्या चार आसनी विमानाला लागला तर जेमतेम 3 अंश. म्हणून मोठ्या विमानांचे कोन आपल्या मॉडेलवर जसेच्या तसे उतरवू नयेत.

राइट बंधूंना हे वाळूवरच उमगलं होतं. अमेरिकेत किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर जमिनीलगत ग्लायडिंग करताना बाजूचे झोत पंख उचलून द्यायचे, म्हणून त्यांनी पंखांची टोकं मुद्दाम खाली ओढून घेतली. 17 डिसेंबर 1903 ला उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखही थोडे खाली झुकलेले होते. आपोआप सरळ होणं त्यांनी सोडून दिलं आणि तोल पूर्णपणे चालकाच्या हाती ठेवला.

आपल्या वाऱ्याचं काय

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: वारा जोरात आहे म्हणून डायहेड्रल वाईट ठरत नाही. एकसारखा वारा कितीही असला तरी विमान त्या हवेबरोबर वाहत जातं, त्याला साइडस्लिप होत नाही. त्रास देतो तो तुटक वारा. म्हणून कोन ठरवताना वारा किती आहे यापेक्षा तो कशावरून वळसा घेऊन येतो ते पाहा.

पहाटे आणि सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो. हा मंद असतो, म्हणून सगळे शिकाऊ सकाळ गाठतात, आणि ते योग्यही आहे. पण गुहागरसारख्या किनाऱ्यावर मागे सुरूबन आहे. त्यावरून उतरणारी हवा वाळूवर येईपर्यंत भोवरे करत येते. झाडांच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत हा त्रास राहतो. ओहोटीला पाणी मागे गेलं की पाण्याच्या कडेच्या ओल्या, घट्ट वाळूवर जा. तिथे हवाही बरी आणि चाकंही रुतत नाहीत.

सकाळ उलटून गेल्यावर खारा वारा सुरू होतो. तो मोकळ्या पाण्यावरून येतो, त्यामुळे जोर असला तरी किनाऱ्यावर बराच सलग लागतो. त्याची अडचण वेगळी आहे. आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण आणि खारा वारा पश्चिमेकडून, म्हणजे पुळणीच्या लांबीत उतरायचं तर वारा कायम आडवा. उत्तरेकडे उतरताना विमानाचं नाक डावीकडे, समुद्राकडे ठेवून यावं लागतं. शेवटच्या क्षणी उजवा रडर देऊन नाक सरळ केलं, की वारा डावीकडून लागतो, डायहेड्रलमुळे डावा पंख उठतो आणि उजवं टोक वाळूला घासतं. डावा एलेरॉन देऊन तो पंख दाबून धरावा लागतो. कोन जितका जास्त तितका एलेरॉनही जास्त, आणि एलेरॉनच नसेल तर हातात काही उरत नाही.

तिसरी जागा म्हणजे सडा, कड्यावरचं कातळाचं पठार. आरे-वारेच्या बाजूला किंवा देवगडकडे कड्याच्या तोंडावर खारा वारा आपटून वर चढतो आणि मोटर बंद ठेवूनही विमान तरंगतं. कड्याच्या पुढे हवा सुरेख असते. कड्याच्या मागे, जिथे आपण उतरतो तिथे, तीच हवा उलटीपालटी होते.

कड्यावर उभे असाल तर वरचे पक्षी पाहा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड तरंगताना पंख ठळक इंग्रजी व्हीसारखे वर धरतो. ब्राह्मणी घार मात्र ते जवळजवळ सपाट ठेवते. दोघेही त्याच वाऱ्यात तासन्‌तास राहतात, कारण पक्षी क्षणाक्षणाला पंख आणि शेपूट हलवून तोल सांभाळतो. आपल्या विमानाला ते काम कोनाने, बोटांनी किंवा जायरोने (आपोआप तोल सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाने) करून द्यावं लागतं.

थोडा डायहेड्रल, वर बसवलेला पंख, एलेरॉन

शिकणाऱ्याने पुळणीवर उडवायचं तर माझं मत याच्याच बाजूने आहे. पंख धडाच्या वर असेल तर साइडस्लिपमध्ये धडाला वळसा घालणारी हवा वाऱ्याकडच्या पंखाला मुळाशी वर ढकलते, म्हणजे थोडा डायहेड्रल फुकटात मिळतो. पंख खाली असेल तर हाच परिणाम उलटा होतो. म्हणून वर पंख असलेल्या सेसना 172 ला पावणेदोन अंश पुरतात आणि खाली पंख असलेल्या पायपर चेरोकीला 7 अंश द्यावे लागतात. दोन प्लॅनचे आकडे शेजारी ठेवताना आधी पंख वर आहे की खाली ते बघा, नाहीतर तुलनाच चुकते.

शिकाऊ विमानाला वरच्या पंखात 5 अंशांपर्यंत कोन सर्रास दिसतो. आडव्या वाऱ्यात उतरण्याचा विचार करता आपल्या किनाऱ्यावर मी तो 3 अंशांवर आणेन. विमान सावकाश सरळ होईल, पण होईल, आणि उतरताना एलेरॉन पुरून उरेल.

भरपूर कोन, एलेरॉन नाहीत

शाळेतल्या मुलांसोबत, कमी खर्चात काही करायचं असेल तर हा प्रकार उत्तम. 1871 साली फ्रान्समध्ये अल्फोन्स पेनो या संशोधकाने रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान दाखवलं, त्याची पंखांची टोकं वर वळवलेली होती आणि ते कुणीही न हाकता सरळ उडालं. इथे डायहेड्रल हा वळण्याचाच भाग असतो. रडर नाक वळवतो, साइडस्लिप होते आणि कोनामुळे विमान वळणात कलतं. कोन नसेल तर रडर दिल्यावर विमान नुसतं तिरकं घसटत जातं. म्हणून रडरवरच्या विमानाचे पंख सपाट करण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका.

6 ते 8 अंशांचा साधा कोन चालतो. त्याहून मला पॉलिहेड्रल आवडतो: आतला भाग 3-4 अंश, बाहेरचा 8-10. टोकाचा भाग मधल्या रेषेपासून लांब असल्यामुळे तिथला प्रत्येक अंश जास्त काम करतो. फँटम लढाऊ विमानाला पवनबोगद्यातल्या चाचणीनंतर डायहेड्रल वाढवायची वेळ आली, तेव्हा मधला टायटॅनियमचा भाग तसाच ठेवून फक्त बाहेरचे तुकडे 12 अंश वर केले होते. कोनामुळे उचल फार वाया जाईल ही भीती नको. 10 अंशांतही तोटा दीड टक्क्याच्या आसपासच असतो.

काळजी घ्यायची ती उभ्या शेपटीची, म्हणजे फिनची. कोन मोठा आणि फिन लहान असेल तर विमान शेपूट हलवत, डावीकडे-उजवीकडे डुलत चालतं. याला डच रोल म्हणतात. फिन मोठं आणि कोन कमी असेल तर वळण हळूहळू आवळत जातं आणि विमान गिरक्या घेत खाली येतं. डुलणारं विमान पाहून लोक आधी पंख कापायला बसतात. फिन थोडं वाढवून बघणं सोपं आहे, आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

अशा विमानाची जागा म्हणजे पावसाळ्यानंतर गवत असलेला सडा, कड्यापासून चांगला आत. उतरवायचं थेट वाऱ्याच्या तोंडावर. उघड्या कातळावर फोमचं पोट सोलून निघतं. दुपारच्या पुळणीवर हे विमान नेऊ नये.

सपाट पंख

कड्यावर दुपारी उडवायचं असेल आणि बोटं तयार असतील तर सपाट पंखच हवा. तो स्वतः सरळ होत नाही आणि झोत लागल्यावर फारसा कलतही नाही. उलटं उडवलं तरी वागणूक तीच. डायहेड्रलचं विमान उलटं केलं की तोच कोन अॅनहेड्रलसारखा वागतो.

ईपीपी फोमचं बिनशेपटीचं फ्लाइंग विंग याच गटात धरलं जातं, पण त्याचे पंख मागे झुकलेले असतात, आणि मागे झुकलेला पंख थोड्या डायहेड्रलसारखाच वागतो. हा परिणाम अँगल ऑफ अटॅकसोबत वाढतो: हळू उडताना जास्त, वेगात कमी. म्हणून उतरायला आल्यावर तेच विमान झोतांना अचानक जास्त प्रतिसाद देतं. कड्यामागे ते वेग राखूनच आणा.

जायरो बसवला तर सपाट पंखही शिकाऊ माणसाच्या आवाक्यात येतो, हे खरं आहे. पण खाऱ्या हवेत कनेक्टर गंजतात, सर्व्हो (एलेरॉन-रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) अडखळतात. पहिल्या विमानाचा सगळा तोल मी इलेक्ट्रॉनिक्सवर सोडणार नाही. जायरो असला तरी दोन-तीन अंश ठेवावेत.

अॅनहेड्रलचा विचार सोडून द्या. वायुदलाच्या सी-17 किंवा आयएल-76 चे पंख खाली झुकलेले दिसतात, कारण पंख वर आणि मागे झुकलेला, या दोन्हींमुळे आधीच जास्त झालेली स्थिरता तिथे कमी करायची असते. आपल्या आकाराच्या साध्या विमानात ती गरज पडत नाही.

बांधताना आणि पहिल्या उड्डाणात

प्लॅनवरचा अंश एका पंखाचा आहे की दोन्ही मिळून, हे आधी तपासा. 120 सेंटीमीटर विस्ताराच्या विमानात अर्धा पंख 60 चा, आणि तेवढ्या लांबीला दर अंशाला टोक साधारण एक सेंटीमीटर उचललं जातं. 3 अंशांना 3.1, 5 ना 5.2. एक पंख टेबलावर सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक टेकवणार असाल तर उंची दुप्पट घ्यायची. मधला जोड कायमचा चिकटवू नका. प्लायवूडच्या कोनात कापलेल्या दोन पट्ट्या करा, एक 2 अंशांची आणि एक 4 ची, आणि पंख रबरबँडने बांधा. एकाच विमानावर दोन्ही कोन पाहता येतील.

रत्नागिरी आणि चिपीच्या विमानतळांमुळे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहूनच जागा ठरवा. मग शांत सकाळी पुरेशी उंची घ्या, विमान साधारण 20 अंश कलवा आणि स्टिक सोडा. सावकाश सरळ होत गेलं तर कोन पुरेसा आहे. कललेलंच राहिलं तर ते सपाट पंखासारखं वागतंय. वळण आवळत गेलं तर लगेच हातात घ्या आणि खाली आल्यावर मोठी पट्टी घाला. ही चाचणी दोन्ही बाजूंना करा. एका बाजूला सरळ होतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं दिसलं तर पट्टी बदलू नका. एका पंखाला पीळ पडलेला असतो, तो आधी काढा.