पावसाळ्यात पाणी घालू नका: इन्क्युबेटर, बदकाची अंडी आणि माझे नऊ महिने

गोराईला घरामागे वाडी आहे, तिथे आमची सात बदकं. खाकी कॅम्पबेल जातीची. अंडी भरपूर देतात, पण बसायचं नाव नाही. सासूबाई पूर्वी ती खुडूक कोंबडीखाली ठेवायच्या. गेल्या मे महिन्यात एकही कोंबडी खुडूक होईना, म्हणून थर्माकोलच्या पेटीचा, अंडी आपोआप फिरवणारा इन्क्युबेटर मागवला. साडेपाच हजार रुपये.

पहिला घाणा जूनमध्ये लावला. वीस अंडी, 37.5 अंश, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दोन्ही खाचांत पाणी. अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लं निघाली तीन. उरलेली अंडी फोडून बघितली तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं, पिसं चिकट, चोचीपाशी पाणी. कवचातच गुदमरलेली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, पाणी कमी पडू देऊ नका."

उलट पाणीच जास्त झालं होतं. उबवताना अंड्यातलं पाणी हळूहळू उडून जायला हवं, तेव्हाच बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास तिथे घेता येतो. पंचविसाव्या दिवसापर्यंत वजन साधारण 13 टक्के उतरावं. म्हणजे 75 ग्रॅमचं अंडं 65 वर. माझी 70 वरच अडकली होती. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच इतकी दमट की ती पेटीत तापली तरी ओल पन्नास टक्क्यांच्या आसपास राहते, तीही पाणी न घालता. ऑगस्टमध्ये खाचा कोरड्या ठेवल्या, फक्त शेवटचे तीन दिवस भरल्या. वीसपैकी तेरा निघाली. जानेवारीत मात्र पाण्यावाचून ओलीचा काटा पंचवीस टक्क्यांच्या खाली गेला, तेव्हा दोन्ही खाचा भराव्या लागल्या.

पेटीवरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. अंड्याच्या उंचीवर ताप मोजायचा थर्मामीटर ठेवला तर तो 38.3 दाखवत होता, आणि पेटी मात्र 37.5. ह्युमिडिटीचा, म्हणजे हवेतली ओल मोजायचा, वेगळा छोटा मीटर घेतला, तोही तपासून. बाटलीच्या झाकणात ओलं मीठ घालून मीटरसकट बंद डब्यात ठेवायचं, आठ तासांनी 75 यायला हवं. माझा 68 वर थांबला, म्हणून आता प्रत्येक आकड्यात सात मिळवते.

अंडी फिरवायचा ट्रे कोंबडीच्या मापाचा. बदकाची अंडी तिरकी बसतात आणि मोटर कुरकुरते. दुसऱ्या महिन्यात ती बंदच पडली, तेव्हा पेन्सिलीने फुल्या मारून दिवसातून पाच वेळा हाताने फिरवली. वीज गेली की गोधडी. जुलैत दोन तास गेली होती, त्यानं काही बिघडलं नाही. बदकीण तरी कुठे सारखी बसून असते?

शेवटचा टप्पा जिवाला घोर लावतो. कवचाला टिचकीएवढा टवका उडतो, आतून बारीक चिवचिव येते, आणि मग तीस-तीस तास काही नाही. मी चिमटा घेऊन बसले होते. सासूबाईंनी हातातून काढून घेतला. बरं झालं, कारण आतल्या पातळ पडद्यात तोवर रक्त खेळत असतं.

पैसे फुकट गेले नाहीत, पण साडेपाच हजारांत खरं तर गरम पेटी मिळाली, इन्क्युबेटर मला बनवावा लागला. भाजीचा वजनकाटा मात्र हवाच. आज एकोणिसावा दिवस, एका खाचेत पाणी. अकरा नंबरचं अंडं 76 वरून 69 वर आलंय.