राणीविरुद्धचे कट : पिंप, तक्ता आणि लाख

इंग्लंडच्या प्रोटेस्टंट राणी पहिल्या एलिझाबेथविरुद्ध कॅथलिकांनी रचलेल्या कटांवरचा ‘राणीविरुद्धचे कट’ हा मराठी पेटीखेळ पणजी-म्हापशाच्या काही पुस्तकांच्या दुकानांत मिळू लागला आहे. पाच-सहा जणांनी खेळायचा, एका डावाला दीड-दोन तास लागतात. इतिहासाची आवड असलेल्या घरात आणि नववी-दहावीच्या वर्गात ही पेटी जरूर असावी. मात्र आतली पुस्तिका जशीच्या तशी पाळली तर खेळाचा निम्मा रस निघून जातो, आणि ‘गोवा’ लिहिलेलं पाचवं पाकीट नव्यानं लिहायची गरज आहे.

पेटीत पाच पाकिटं, हाताच्या पंजाएवढं लाकडी पिंप आणि त्याचं पोकळ बूच, लाखेच्या दोन कांड्या, दोन पितळी शिक्के, गुप्त लिपीच्या चिन्हांचे तक्ते, वाळूचं घड्याळ, पत्रांसाठी कोरे कागद आणि भूमिकांच्या चिठ्ठ्या असतात. दोघंतिघं कटवाले, एक राणीचा सचिव वॉल्सिंगहॅम, एक त्याचा लेखनिक आणि एक पत्र पोचवणारा. पोचवणाऱ्याची निष्ठा कुणाकडे, ते फक्त त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

पहिलं पाकीट 1569 च्या उत्तरेतल्या बंडाचं. नॉर्थंबरलँड आणि वेस्टमोरलँडच्या अर्लांनी डरहमच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा लॅटिन मास म्हणवला, फौज जमवली आणि महिन्याभरात सगळं विस्कटलं. अर्ल स्कॉटलंडात पळाले, फासावर गेली ती शेकडो साधी माणसं. खेळात हे सगळं नकाशावर सोंगट्या सरकवण्यात संपतं, त्यामुळे पाकीट कोरडं वाटतं. पहिल्याच बसणीला हे उघडू नका.

दुसरं, 1571 च्या रिडॉल्फी कटाचं, बरंच सरस आहे. फ्लोरेन्सचा सावकार रोबेर्तो रिडॉल्फी, नॉर्फकचा ड्यूक आणि इंग्लंडमध्ये कैदेत असलेली स्कॉटलंडची माजी राणी मेरी यांचा हा बेत. स्पेनची फौज उतरवायची, एलिझाबेथला काढायचं, मेरीला गादीवर बसवायचं. तो फुटला एका थैलीमुळे. ड्यूकच्या माणसांनी श्रूजबरीच्या एका कापडव्यापाऱ्याकडे थैली दिली आणि आत चांदीची नाणी आहेत असं सांगितलं. वजन हाताला जास्त लागलं म्हणून त्यानं ती उघडली, तर आत 600 पौंडांचं सोनं आणि गुप्त लिपीतली पत्रं. पुढे लिपीचा तक्ता ड्यूकच्या घराच्या कौलांमध्ये दडवलेला सापडला. पेटीत खरोखरच दोन थैल्या दिल्या आहेत, एक हलकी, एक जड. पोचवणारा खेळाडू थैली तोलतो आणि उघडायची की नाही ते ठरवतो. इतिहासातला नेमका क्षण हातात देणारी इतकी चांगली युक्ती या पेटीत दुसरी नाही. ड्यूकचा शिरच्छेद 2 जून 1572 रोजी झाला.

तिसरं पाकीट फ्रान्सिस थ्रॉकमॉर्टनच्या कटाचं, 1583 चं. त्यात छळयंत्रावर ताणून कबुली घेण्याचा प्रसंग फाशांवर सोडलाय. मुलांबरोबर खेळताना तो भाग वाचून दाखवा, फासे टाकायला लावू नका. त्या कटात हात असलेला स्पेनचा राजदूत मेंदोझा याची 1584 च्या जानेवारीत हकालपट्टी झाली, तिथे डाव संपतो.

खरी पेटी म्हणजे चौथं पाकीट. 1586, चार्टलीचा वाडा, मेरी कैदेत. बाहेरचं कुणी भेटू शकत नाही, पण वाड्यावर बियरची पिंपं येतात. पत्र पाणी न शिरणाऱ्या वेष्टनात घालून बुचातून आत सोडायचं आणि उत्तर रिकाम्या पिंपातून परत न्यायचं, अशी वाट गिल्बर्ट गिफर्डनं लावून दिली. गिफर्ड वॉल्सिंगहॅमचा माणूस होता. प्रत्येक पत्र आधी थॉमस फेलिप्सच्या टेबलावर जाई, तो ते उलगडून उतरवून घेई, आणि आर्थर ग्रेगरी शिक्का असा पुन्हा लावी की कुणाला शंका येऊ नये.

डावाची चाल अशी. कटवाल्यानं तक्ता समोर ठेवून वाळू संपेपर्यंत निरोप चिन्हांत लिहायचा, कागद घडी करून लाखेनं बंद करायचा, बुचात सारून पिंप पोचवणाऱ्याकडे द्यायचं. तो फितूर असेल तर पिंप आधी वॉल्सिंगहॅमकडे जातं. त्याच्या लेखनिकाला एकदाच वाळू उलटवून मिळते आणि तेवढ्यात उघडणं, नक्कल, पुन्हा बंद करणं हे सगळं उरकायचं असतं. पलीकडच्या कटवाल्याला शिक्का बिघडलेला दिसला तर तो ‘गप्प’ म्हणतो आणि कट थांबतो. इथे वॉल्सिंगहॅमचा खेळाडू हटकून घाई करतो. पहिलंच पत्र हाती आलं की अटक करावीशी वाटते. तसं केलं तर गुण मिळतात दोनच, कारण मेरीच्या हातचं काही सापडलेलं नसतं. पत्रं वाहू द्यायची, तिचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, हा वॉल्सिंगहॅमचा खरा डावपेच या गुणमांडणीतून छान समजतो. या कटाचा म्होरक्या, तरुण कॅथलिक अँथनी बॅबिंग्टननं राणीला मारणाऱ्या सहा गृहस्थांचा उल्लेख करून पत्र धाडलं, मेरीनं 17 जुलैला बेताला मान देणारं उत्तर लिहिलं, आणि फेलिप्सनं त्या पत्राखाली खोटा ताजा कलम जोडला: त्या सहा जणांची नावं कळवा. खेळात ‘जोड-ओळ’ नावाची एकच चिठ्ठी यासाठी आहे. ती फार लवकर वापरू नका. अक्षर जुळलं नाही की कटवाल्यांना वास येतो, आणि नावं न कळवताच ते पांगतात. बॅबिंग्टनकडूनही ती नावं कधी आली नाहीत.

आता तक्त्याकडे, कारण पेटीचं बळ आणि मोठी चूक दोन्ही तिथे आहेत. मेरी-बॅबिंग्टन तक्त्यात अक्षरांसाठी 23 चिन्हं होती, शब्दांसाठी 35, चार निरर्थक, आणि ‘पुढचं अक्षर दोनदा’ सांगणारं एक. पेटी करणाऱ्यांनी हाच साचा देवनागरीत आणलाय आणि त्यासाठी त्यांचं मनापासून कौतुक. व्यंजनं 31 (ष ला श मध्ये घेतलं आहे, ण आणि ळ वेगळे ठेवलेत), स्वर आणि अनुस्वार मिळून 9, म्हणजे 40 चिन्हं. ऱ्हस्व-दीर्घ एकच. मात्रा व्यंजनानंतर वेगळ्या चिन्हानं लिहायची. हलन्ताला चिन्ह नाही, म्हणून ‘राज्य’ हा शब्द ‘राजय’ असा निघतो, आणि वाचणाऱ्याला कळतो.

गडबड होते ती स्वर आणि मात्रा यांना एकच चिन्ह दिल्यामुळे. ‘नऊ’ लिहायला गेलात तर न आणि उ ही दोन चिन्हं येतात, आणि वाचणारा ‘नू’ वाचतो. ‘नऊ घोडे पाठवा’ अशा निरोपात ही चूक महागात पडते. उपाय सोपा आहे: मध्ये ‘अ’चं चिन्ह टाका. न, अ, उ. निरर्थक चिन्ह टाकून काम भागवू नका. ते प्रत्येक वेळी त्याच जागी आलं की लेखनिकाच्या लगेच लक्षात येतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेटीतल्या 35 शब्दचिन्हांत राणी, पोप, स्पेन, जहाज, फौज, खंजीर असे भारदस्त शब्द भरलेत. मूळ तक्त्यात भर होता तो बारीकसारीक शब्दांवर: आणि, साठी, बरोबर, नाही, पाठवा, पत्र, पत्र आणणारा. यामागे कारण आहे. उलगडणारा वारंवार येणारी चिन्हं मोजतो. मराठीत आ-कार इतका येतो की 40 चिन्हांच्या तक्त्यात तो पहिल्या दोन ओळींतच उघडा पडतो. मग वाक्याच्या शेवटी त्याच चिन्हानं सुरू होणारा तिघांचा गट शोधायचा, तो ‘आहे’. आ, ह, ए हाती लागले. त्यानंतर ‘चा, ची, चे, ला, ने’ हे प्रत्यय ओळखू येतात आणि अर्धं पत्र सुटतं. म्हणून खेळायला बसण्यापूर्वी तक्त्यातले आठ-दहा भारदस्त शब्द खोडा आणि त्या जागी आहे, नाही, आणि, पण, की, तो, ती, साठी, पत्र, पाठव हे शब्द लिहा. डाव दुप्पट कठीण होतो आणि लेखनिकाची भूमिका खरोखर खेळण्यासारखी होते. ‘दोनदा’चं चिन्ह मराठीत सत्ता, किल्ला, पत्ता, पक्का अशा शब्दांत कामाला येतं, तेवढंच. ते जपून वापरा. त्याच्या मागोमाग तीच ती चिन्हं दिसू लागली की तेही फुटतं.

एवढं करूनही तक्ता सुटतोच, आणि पेटीनं शिकवावी अशी गोष्ट हीच आहे. बॅबिंग्टन आणि मेरी यांचा या लिपीवर गाढ विश्वास होता, म्हणून त्यांनी खून, सुटका, परदेशी फौज हे सगळं स्पष्ट लिहिलं. लिपी नसती तर त्यांनी अधिक जपून लिहिलं असतं. तिचे इतर तक्ते याहून भक्कम होते. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली तिची 57 पत्रं उलगडायला 2023 साल उजाडावं लागलं.

लाख आणि कागद यांबद्दल गोव्यात विशेष काळजी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर कागद दमट होतो आणि कडेची पट्टी कापून तिनंच पत्र शिवण्याची घडी (पुस्तिकेतलं चौदावं पान) करताना पट्टी मध्येच तुटते. मेरीनं मृत्यूच्या आदल्या रात्री फ्रान्सच्या राजाला लिहिलेलं शेवटचं पत्र अशाच पट्टीनं बांधलं होतं. कागद आदल्या दिवशी तांदळाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पट्टी पेटीत सांगितलीय त्यापेक्षा थोडी रुंद, अर्ध्या बोटाएवढी कापा. टोक निमुळतं हवं, नाहीतर चिरेतून जात नाही. लाख मेणबत्तीच्या ज्योतीत धरली तर काजळी मिसळून काळी आणि ठिसूळ होते. चमचा गरम करून त्यात वितळवा. शिक्का टेकवण्याआधी थंड पाण्यात बुडवून पुसून घ्या, तरच तो चिकटत नाही.

अदृश्य शाईसाठी पुस्तिका लिंबाचा रस आणि मेणबत्ती सांगते. मेणबत्तीऐवजी कोमट इस्त्री वापरा, कागद जळत नाही. रसही बदला. लंडनच्या टॉवरमधून 1597 साली निसटलेला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक पाद्री, जॉन जेरार्ड संत्र्याचा रस वापरायचा. त्याचं कारण त्यानंच लिहून ठेवलंय: लिंबानं लिहिलेलं पाण्यातही वाचता येतं आणि वाळल्यावर पुन्हा लपतं. संत्र्याचं फक्त उष्णतेनं उमटतं आणि मग तसंच राहतं, म्हणून मधल्या मध्ये कुणी वाचलं की पत्र घेणाऱ्याला कळतं. खेळाला हे अगदी बरोबर बसतं. मेरीनं स्वतः फ्रेंच राजदूताला तुरटी सुचवली होती: चोवीस तास आधी थोड्या स्वच्छ पाण्यात विरघळवायची, आणि वाचायला कागद पाण्यात बुडवायचा. तुरटी वाण्याकडे मिळते, मुलांना हा प्रयोग आवडेल.

पाचवं पाकीट, ‘गोवा’. कल्पना अस्सल आहे. इंग्लंडमधल्या विल्टशरचा जेझुइट थॉमस स्टीफन्स 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरला. त्याचा सोबती थॉमस पाउंड इंग्लंडमध्येच धरला गेला आणि तीसेक वर्षं तुरुंगांतून फिरला. स्टीफन्स इथे दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला आणि मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, ते 1616 मध्ये रायतूरला छापलं. 1583 मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे साथीदार होर्मुझला पकडले जाऊन हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात आले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला स्टीफन्सनं मदत केली. एलिझाबेथचे प्रोटेस्टंट व्यापारी आणि तिच्या राज्यातून बाहेर पडलेला जेझुइट, दोघं गोव्यात समोरासमोर. डावात हा जामीन मिळवायचा असतो.

पण पाकीट इथेच थांबतं. 1580 पासून पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे होता. म्हणजे 1588 साली लिस्बनहून जे आरमार एलिझाबेथवर निघालं, त्याच्याच मालकाच्या ताब्यात तेव्हा गोवा होता, आणि आरमाराचं मुख्य जहाज ‘साँव मार्तिन्यू’ पोर्तुगीज गॅलियन होतं. पाकिटात याबद्दल अवाक्षर नाही. 1583 च्या जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर वाटाघाटीला बोलावलेल्या गांवकरांना (गावच्या प्रमुखांना) असोळण्याच्या किल्ल्यात ठार केलं, याचाही उल्लेख नाही. थ्रॉकमॉर्टनला लंडनमध्ये पकडलं तेही त्याच वर्षी. इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं धोक्याचं होतं तेव्हा साष्टीत हिंदू असणं धोक्याचं होतं. गोव्यात विकल्या जाणाऱ्या पेटीनं हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवायलाच हवेत.

याला लागूनच दुसरी तक्रार. टेबलावर पूर्ण डावभर पोप पाचव्या पायसच्या 25 फेब्रुवारी 1570 च्या आज्ञापत्राची चिठ्ठी असते, जिनं राणीला बहिष्कृत करून प्रजेला तिच्या आज्ञेतून मुक्त केलं. त्यामुळे कॅथलिक नाव आलं की खेळाडू त्याला कटवाला धरतो. बहुसंख्य इंग्रज कॅथलिकांनी कोणताही कट केला नाही. चर्चला न जाण्याचा 1581 पासूनचा महिना 20 पौंड दंड त्यांच्यावर होता, आणि 1585 नंतर पाद्र्याला घरात आसरा देणं म्हणजे मरण. 1580 मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीनं तूर्त राणीची आज्ञा पाळायची मुभाही दिली होती. एक साधी चिठ्ठी वाढवली तरी पुरे: ‘मी कॅथलिक आहे आणि राणीशी एकनिष्ठ आहे’. ती वॉल्सिंगहॅमला ओळखता यायला हवी, आणि चुकीच्या माणसाला पकडल्यास त्याचे गुण कापले जावेत. पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता ही चिठ्ठी घरी पुठ्ठ्यावर करता येते.

पहिल्या बसणीला दुसरं पाकीट, मग चौथं, असा क्रम ठेवा. घेताना दुकानात पेटी उघडून बूच तपासा. काही पेट्यांत ते पिंपात घट्ट बसतं आणि पत्र काढताना कागद फाटतो. वाळूकागदानं दोनदा घासलं की काम होतं. तक्त्यांची झेरॉक्स आधीच काढून ठेवा, कारण मूळ तक्ता पातळ कागदावर आहे आणि ओल्या हातांत टिकत नाही.