इगतपुरीचे दहा दिवस की घरचा हरिपाठ?

दिवसभर फोन, गाडीतली गर्दी, घरी आलं की टीव्ही. यातून थोडं तरी आतून निवांत व्हावं असं वाटणारी माझ्या ओळखीतली बरीच माणसं फिरून फिरून दोनच गोष्टींबद्दल विचारतात: इगतपुरीचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करू, की संध्याकाळी घरात हरिपाठ धरू? मी दोन्ही केलं आहे आणि दोन्हींची ऋणी आहे, पण दोन्ही सगळ्यांना सारखं मानवेल असं नाही.

इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ साली सुरू झालं. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी उ बा खिन यांच्याकडे जे शिकले, तेच तिथे शिकवलं जातं. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दिवशी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं, म्हणजे रजा बारा दिवसांची टाका. फोन जमा करायचा, वाचन-लेखन बंद, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्यमौन, म्हणजे एकमेकांशी बोलणं, खाणाखुणा सगळं बंद. पहाटे चारला घंटा होते. अकराला जेवण, पाचला चहा आणि फळ, मग रात्री काही नाही. फी नसते, शिबिर पुरं केलेल्यांकडूनच दान घेतात.

पहिले तीन दिवस फक्त श्वास. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी बोटभर जागा असते, तिथे काय जाणवतं तेवढंच बघत बसायचं. दुसऱ्या दिवशीसुद्धा मला तिथे काही जाणवेना; डोक्यात कामावरचं एक जुनं भांडण शब्दन् शब्द चालू होतं. तिसऱ्या दुपारी आत जाणाऱ्या श्वासाचा गारवा आणि बाहेर येणाऱ्याची ऊब वेगवेगळी कळली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पुढे अधिष्ठानाच्या बैठका येतात: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघा पेटतो. त्या दुखण्याकडे बघत राहिलं की ते सरकतं, बारीक होतं, कधी विरूनही जातं. कुणी कितीही समजावून सांगितलं तरी हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

हरिपाठात आवाज बंद करावा लागत नाही. ज्ञानदेवांचे २७ अभंग (काही प्रतींत २८) टाळावर, चालीत म्हटले तर अर्धा-पाऊण तास लागतो. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होतात, खाली रिक्षा ओरडतात, मध्येच बेल वाजते. होऊ दे. प्रत्येक अभंगानंतर ‘हरि मुखें म्हणा’ येतं आणि ते म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो. दहाव्या-बाराव्या अभंगापर्यंत खांदे खाली आलेले असतात. पहिली ओळ देवाच्या दारी क्षणभर उभं राहायला सांगते, आणि थकून आलेल्या माणसाला तेवढंच जमण्यासारखं असतं. शिवाय सोबत असते. सासूबाई चुकलेला शब्द सांगतात, मुलगा टाळ हातात घेतो.

मग निवडायचं कसं? मी आधी विचारते, देवाशी तुमचं नातं कसं आहे? शिबिराच्या दिवसांत माळ, जप, पूजा बाजूला ठेवायला सांगतात. त्यानेच जीव कासावीस होणार असेल तर अजून जाऊ नका. उलट विठ्ठल म्हणताना आत काहीच हलत नसेल, तर हरिपाठ ओढूनताणून करू नका. इगतपुरी तुमच्यासाठी आहे. मनाच्या आजाराचे उपचार चालू असतील तर अर्जात खरं लिहा आणि आधी डॉक्टरांशी बोला. दहा दिवसांचं मौन अशा वेळी झेपेलच असं नाही.

फोनवरची ध्यानाची ॲप मी यात धरत नाही. ज्या वस्तूपासून सुटका हवी, तीच हातात घेऊन बसावं लागतं.

खरी अडचण घरी परतल्यावर येते. शिबिरानंतर सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर बसायला सांगतात. घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणावरचं माणूस असेल तर ते दोन तास कुठून काढणार? अशा घराला मी हरिपाठच सांगते, आणि तोही एकदम सगळा नको. दिवा लावला की पाच अभंग, महिनाभर. माझी सकाळची बैठक सहा महिन्यांत अर्ध्या तासावर आली, संध्याकाळचा हरिपाठ मात्र टिकला.

एकटे राहत असाल आणि रजा शिल्लक असेल, तर इगतपुरीची नोंदणी आधीच करा. हिवाळ्यात जाणार असाल तर जाड शाल न्या. कसारा घाटाच्या डोक्यावरची पहाट बोचरी असते आणि पहिली बैठक साडेचारला सुरू होते.