व्हर्ननच्या मेडलची रेप्लिका – घ्यावी का?

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल एडवर्ड व्हर्ननच्या मेडलची रेप्लिका ऑनलाइन मागवली होती, परवा आली, आणि खरं सांगतो हातातून खाली ठेववत नाहीये. १७३९ च्या नोव्हेंबरमध्ये यानं फक्त ६ जहाजं घेऊन स्पेनच्या ताब्यातलं पोर्टो बेलो (आजच्या पनामातलं बंदर) जिंकलं, बातमी लंडनला पोचली १७४० च्या मार्चमध्ये आणि मग लोक अक्षरशः वेडे झाले, १२ नोव्हेंबरला त्याचा वाढदिवस आला तर गावोगावी होळ्यासारख्या शेकोट्या, घंटा, मिरवणुका, दारूच्या गुत्त्यांवर त्याच्या तोंडाच्या पाट्या! शंभराहून जास्त प्रकारची मेडल्स निघाली, स्वस्त पितळी धातूची, म्हणजे साध्या माणसालाही परवडणारी. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं, हीरो लोकांच्या खिशात जाऊन बसला.

आता मालाबद्दल. मागच्या बाजूला बंदर आणि ६ जहाजं आहेत, भिंगातून बघितलं तर शिडंसुद्धा मोजता येतात, कडेनं ‘सहाच जहाजांनी पोर्टो बेलो घेतलं’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. पण व्हर्ननचा चेहरा फारच गुळगुळीत केलाय, नाकडोळे पुसल्यासारखे, आणि पॉलिश इतकं चकचकीत की जुनेपणा पार गेला, याचं वाईट वाटलं. सोबतच्या कागदावर १७४१ च्या कार्ताजेनाचा (आजच्या कोलंबियातलं, तेव्हा स्पेनचं बंदर) उल्लेखच नाही, तिथल्या विजयाची मेडल्स लढाईचा निकाल लागण्याआधीच पाडली होती आणि व्हर्नन हरून परतला, हे सांगायलाच हवं होतं ना.

५ पैकी ४ स्टार. कार्ताजेनावालं मेडल काढलंत तर पहिली ऑर्डर माझी.