घरचे कमी कर्बोदकांचे चॉकलेट दूध: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले सात महिने मी आठवड्यातून चार-पाच रात्री घरी केलेले कमी कर्बोदकांचे चॉकलेट दूध पिते आहे. सुरुवात रक्ततपासणीच्या अहवालाने झाली. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आले होते आणि ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहपूर्व स्थितीचा मानला जातो, त्यामुळे रात्रीचा गोड पेला बंद करावा असे डॉक्टरांनी सुचवले. तो पेला मला मनापासून आवडतो, म्हणून बंद करण्याआधी तो बदलता येतो का, हे पाहायचे ठरवले.

पहिला महिना चुकीच्या दिशेने गेला. साखर काढून तिच्या जागी स्टीव्हिया (एका वनस्पतीच्या पानांपासून काढलेला गोड अर्क) घातले की काम झाले, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात २४० मिलिलिटर साध्या दुधात लॅक्टोजच्या रूपाने सुमारे १२ ग्रॅम कर्बोदके असतात, तर विकतच्या चॉकलेट दुधात तेवढ्याच मापाला साधारण २५ ग्रॅम साखर भरते. म्हणजे वरची साखर पूर्ण काढली तरी जवळपास निम्मा भार दुधातच राहतो. त्यानंतर मी लॅक्टोजमुक्त दूध आणले, तीही चूकच ठरली. त्या दुधातले लॅक्टोज काढलेले नसते, लॅक्टेज या विकराने (एन्झाइमने) त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे केलेले असतात. जिभेला ते अधिक गोड लागते, पण कर्बोदके होती तेवढीच राहतात. ओटचे दूधही या कामाचे नाही, कारण ते तयार करताना ओटमधल्या स्टार्चचे बऱ्याच अंशी साखरेत रूपांतर होते. गोडी कशाने आणायची, यापेक्षा दूध कोणते घ्यायचे हा प्रश्न आधीचा आहे, एवढे त्या महिन्यात मला कळले.

बिनसाखरेच्या बदाम दुधात एका पेल्याला एक-दोन ग्रॅमच कर्बोदके असतात, पण नुसते वापरले तर ते पाणचट लागते. नारळाच्या दुधाची चव चांगली असली तरी फ्रीजमध्ये त्यातली चरबी गोठून वर थर धरते. शेवटी १८० मिलिलिटर बदाम दूध आणि ३० मिलिलिटर घट्ट क्रीम हे प्रमाण स्थिरावले. क्रीममुळे कर्बोदके जेमतेम एक ग्रॅमने वाढतात, मात्र उष्मांक शंभराच्या आसपास वाढतात, हे वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बदाम घरी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलेले दूध चवीला सरस असते. पण विकतच्या बऱ्याच बदाम दुधांत कॅल्शियम वेगळे घातलेले असते, ते घरच्या दुधात नसते.

आता कोकोविषयी, कारण या पेयाचा खरा कस तिथे लागतो. कोको पावडर थंड दुधात टाकली की तिच्या गुठळ्या तरंगत राहतात. तिच्या कणांवर कोको बटर असते (साधारण १० ते १२ टक्के, काही प्रकारांत २० टक्क्यांहून अधिक), त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि मिक्सर कितीही वेळ फिरवला तरी तोंडात रवाळ लागते. उपाय सोपा आहे. १० ग्रॅम कोको आणि चिमूटभर मीठ यांवर तीन मोठे चमचे उकळते पाणी घालून चमच्याने घोटायचे, गुळगुळीत लेप झाला की दोन मिनिटे तसाच ठेवायचा आणि मगच त्यात थोडे थोडे दूध मिसळायचे. या दोन मिनिटांत कोकोचा वास इतका खुलतो की आधीची पद्धत आठवून मला वाईट वाटते. मीठही वगळू नये, ते कडवटपणा दाबते आणि त्यामुळे गोडी कमी घालावी लागते. नैसर्गिक कोको किंचित आंबट असतो. अल्कलीची प्रक्रिया केलेला, डच पद्धतीचा कोको गडद आणि सौम्य असतो. त्या प्रक्रियेत फ्लॅव्हानॉल (कोकोतील आरोग्याला उपयुक्त मानली जाणारी द्रव्ये) बरेच घटतात हे खरे, तरी थंड पेयासाठी मी तोच घेते.

गोडीसाठी एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची, जवळपास बिनउष्मांकाची गोड पूड) आणि स्टीव्हिया यांची जोडी मला मानवली. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के असते, शिवाय ते जिभेवर गारवा सोडते; नुसत्या स्टीव्हियाने मागाहून कडसर चव राहते. आठ ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि स्टीव्हियाचे तीन थेंब एकत्र घेतले की दोन्ही दोष झाकले जातात. एकदा आठवडाभराचे दाट कोको सिरप करून बरणीत ठेवले, तर थंडीने एरिथ्रिटॉलचे स्फटिक तळाशी बसले आणि सिरप वाळू मिसळल्यासारखे झाले. तेव्हापासून पेला ताजाच करते. एका रात्री दोन पेले प्याल्यावर पोट फुगले, म्हणून एकावर थांबते. २०२३ साली नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात रक्तातील एरिथ्रिटॉलचे जास्त प्रमाण आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध आढळला होता. त्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरीही मी प्रमाण कमीच ठेवते, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे असे मला वाटते. झायलिटॉल हा साखरेचा दुसरा पर्याय मात्र घरात आणलाच नाही, कारण आमच्याकडे कुत्रा आहे आणि त्याच्यासाठी ते विषारी असते. कोकोही त्याच्यासाठी घातकच, म्हणून डबा वरच्या फळीवर असतो.

दाटपणासाठी पाव लहान चमच्याहूनही कमी झँथन गम (पदार्थ दाट करणारी पूड) कोरड्या कोकोत आधीच मिसळते. ते नंतर टाकले तर गोळे होतात आणि जास्त झाले तर पेय बुळबुळीत होते. त्याच्यामुळे कोको तळाशी बसायलाही वेळ लागतो. कारखान्यात हेच काम बहुधा कॅराजीननकडून (समुद्री शेवाळापासून काढलेल्या दाट करणाऱ्या द्रव्याकडून) करून घेतात.

तंतू आणि एरिथ्रिटॉल वगळून माझ्या पेल्यात साधारण चार ग्रॅम कर्बोदके उरतात. प्याल्यानंतर दीड तासाने घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा फारसा हललेला दिसत नाही. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आले, पण त्या काळात मी जेवणही बदलले आणि रोज चालू लागले, त्यामुळे त्याचे श्रेय या पेल्याला देणे बरोबर होणार नाही.

उणीव एकच मोठी वाटते. साध्या दुधाच्या पेल्यात सुमारे आठ ग्रॅम प्रथिने असतात. माझ्या पेल्यात कोको धरूनही ती चारपर्यंत जेमतेम पोहोचतात आणि मध्यरात्री भूक लागते. म्हणून गेल्या दोन आठवड्यांपासून निम्मे बदाम दूध काढून त्या जागी बिनसाखरेचे सोया दूध घालून पाहते आहे. भूक आता लागत नाही. सोयाचा वास डच कोको बराचसा झाकतो. पेय गरम असेल तेव्हा मात्र तो अजून जाणवतो.