केबिनच्या छतावरील दोऱ्यांसाठी स्पिनलॉकचा एक्सएएस क्लच: २४ फुटी नौकेवरील परीक्षण

मुंबई बंदरात हौसेने चालवल्या जाणाऱ्या शिडाच्या लहान नौकांवर शीड चढवण्या-उतरवण्याच्या दोऱ्या, म्हणजे हॅलयार्ड, पुष्कळदा अजूनही डोलकाठीवरच्याच क्लीटला, म्हणजे दोरी गुंडाळून बांधण्याच्या खुंटीला, बांधलेल्या आढळतात. वारा मवाळ असेतो त्याने काही बिघडत नाही. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे ढग उठले आणि शीड ताबडतोब लहान करण्याची वेळ आली, की मात्र दोनच माणसे असलेल्या नौकेवर एकाला सुकाणू सोडता येत नाही आणि दुसऱ्याला हेलकावणाऱ्या छतावर उभे राहून दोन्ही हात दोरीत गुंतवावे लागतात. हे टाळण्यासाठी आमच्या २४ फुटी नौकेवर दोऱ्या केबिनच्या छतावरून मागे कॉकपिटकडे, म्हणजे सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेकडे, आणल्या असून छतावर स्पिनलॉक या इंग्लंडमधील कंपनीचा तीन दोऱ्यांचा एक्सएएस क्लच (दोरी पकडून ठेवणारे साधन), त्याच्या पुढे दोऱ्यांना वळण देणारा तीन चाकांचा डेक ऑर्गनायझर आणि मागे एक विंच (दोरीचे वेढे घेऊन ती ओढण्याचे फिरते पिंप) अशी रचना केली आहे.

क्लचचे काम सोपे आहे. खटका वर असताना दोरी दोन्ही दिशांना मोकळी असते. तो खाली दाबला की दोरी आपल्याकडे ओढता येते, पण उलट सरकत नाही. त्यामुळे एकदा ताण देऊन खटका बंद केला की विंच दुसऱ्या दोरीसाठी रिकामा होतो आणि एकाच विंचवर तीन दोऱ्यांचे काम भागते. एक्सएएसचा मोठा प्रकार ६ ते १२ मिमी जाडीच्या दोऱ्यांसाठी आहे आणि आमच्या ८ मिमीच्या पॉलिएस्टर हॅलयार्डसाठी तो समाधानकारक ठरला आहे. ६ मिमीची दोरी त्यात बसते खरी, पण पकड दोरीच्या जाडीबरोबर वाढत असल्याने बारीक दोरीवर मोठा ताण येणार असेल, तर ४ ते ८ मिमीचा धाकटा प्रकार घेणेच योग्य. कोणत्याही क्लचप्रमाणे इथेही पकड घट्ट बसेपर्यंत दोरी किंचित मागे येते. पुढच्या शिडाच्या कडेचा ताण बोटभरही ढळू नये असे वाटणाऱ्या शर्यतपटूंनी हे लक्षात घ्यावे. खटका उघडण्यापूर्वी दोरी विंचवर घेऊन ताण आधी तिथे पेलावा. तसे न केल्यास दोरी सुसाट सुटते, तिचे वरचे आवरण झिजते आणि हातही पोळतात.

मात्र क्लच कितीही चांगला असला तरी खरे यश मांडणीत आहे, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात नेमके त्याविषयीच सर्वांत कमी लिहिलेले असते. मोठ्या शिडाचा हॅलयार्ड आणि रीफची, म्हणजे शीड लहान करण्याची, दोरी शेजारी-शेजारी असावीत, कारण शीड लहान करताना एक सोडायची आणि लगेच दुसरी ओढायची असते. त्या छताच्या दोन बाजूंना असतील तर माणसाला भर वाऱ्यात कॉकपिट ओलांडून जावे लागते. आमच्याकडे डाव्या बाजूला या दोन आणि बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाची आडवी काठी, उचलून धरणारी दोरी आहे, तर पुढच्या शिडाचा हॅलयार्ड उजवीकडे स्वतंत्र आहे. बूम खाली खेचणाऱ्या व्हँगची दोरी मी आग्रहाने क्लचबाहेर ठेवली. नौका वाऱ्याने आडवी होऊ लागली की ती क्षणात सोडावी लागते, आणि तेथे साध्या कॅम क्लीटमधून, म्हणजे दोन दातेरी जबड्यांच्या पकडीतून, दोरी वर झटकण्याइतके जलद दुसरे काही नाही.

सगळ्याच दोऱ्या मागे आणण्याचा मोहही आवरावा. प्रत्येक वळणावर घर्षण वाढते, आणि शिडाचा पुढचा व मागचा असे दोन्ही कोपरे एकाच दोरीने ओढणारी रीफ-पद्धत लहान नौकेवर इतकी जड होते की अखेरीस माणूस डोलकाठीपाशी जातोच. शिवाय डोलकाठीच्या पायथ्याशी दोरी काटकोनात वळते तेव्हा तेथील कप्पीवर दोरीतील ताणाच्या सुमारे १.४ पट भार येतो. म्हणून ती कप्पी नुसत्या छताला न जोडता डोलकाठीच्या पायथ्याच्या पट्टीला जोडावी, म्हणजे छत वर उचलले जात नाही. ऑर्गनायझरपासून क्लचपर्यंत दोरी सरळ रेषेत यावी आणि विंचच्या पिंपावर ती किंचित खालून चढावी; नाहीतर वेढे एकमेकांवर चढून अडकतात.

बसवण्याच्या कामात घाई करू नये. अनेक फायबरग्लास नौकांच्या छतात दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असते आणि बोल्टच्या भोकातून पाणी झिरपले की ते कुजते. भोक आधी मोठे पाडून त्यात घट्ट इपॉक्सी भरावे, ते सुकल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचे भोक पाडावे आणि खालून भक्कम पट्टी लावावी. येथे केवळ स्क्रूवर भागवणारा कारागीर स्वस्त पडला तरी नको.

दोऱ्यांचे रंग वेगळे ठेवणे खटक्यांवरील चिठ्ठ्यांपेक्षा उपयोगी, कारण चिठ्ठ्या आपल्या उन्हात फिक्या पडतात. उरलेली दोरी कॉकपिटच्या पुढच्या भिंतीवरील जाळीच्या पिशवीत जावी, म्हणजे पाणी निथळते आणि पायात गुंता होत नाही. मुंबईच्या गढूळ पाण्यातला बारीक गाळ दोरीबरोबर क्लचमध्ये शिरतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर खटके उघडे ठेवून गोड्या पाण्याने धुवावे; दोरी धरणाऱ्या दातांना तेल किंवा ग्रीस लावू नये. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर घेताना हॅलयार्डच्या जागी बारीक सुतळी ओवून ठेवली, की ऑक्टोबरमध्ये डोलकाठीवर न चढता दोऱ्या पुन्हा जागेवर येतात.